पर्यावरणाचं 'नेतृत्व' शिकवता येतं का? (पुतण्याच्या फीचा प्रश्न आहे)

वडाची साल | ३ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

प्रश्न घरचा आहे, पण इथे वेगवेगळ्या वाटांनी गेलेली माणसं आहेत म्हणून विचारतोय. थोरल्या भावाचा मुलगा यंदा बीएस्सी ॲग्री झाला. आता त्याने पुण्याला यायचं, आमच्याकडे राहून एमपीएससीची तयारी करायची, इथवर सगळं घरात ठरलेलं. पठ्ठ्यानं परवा जाहीर केलं की त्याला 'शाश्वत विकास आणि पर्यावरण नेतृत्व' असा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम करायचाय. फी दोन लाख ऐंशी हजार, जेवणखाण धरून. माहितीपत्रक पाहिलं. गुळगुळीत कागद, आणि टेकडीवर उभी राहून लांब कुठेतरी बघणारी मुलंमुली. काय बघतायत ते छापलेलं नाही.

भावाने फोनवर एवढंच विचारलं, "हे शिकून हा नक्की कुणाचा नेता होणार?" मला उत्तर देता आलं नाही. माती परीक्षण शिकवता येतं, ठिबक जोडायला शिकवता येतं. पुढारपण शिकवता येतं का? तेही पर्यावरणाचं? कुणी असं काही केलं असेल किंवा असं शिकून आलेल्यांबरोबर काम केलं असेल तर लिहा. मी बँकेत आहे. पर्यावरणाशी माझा संबंध बाल्कनीतल्या तुळशीपुरता, आणि तिलाही पाणी बायको घालते.

फुकटचा सल्ला | ३ जून, रात्री ९:५२

पुढारपण शिकवायची सोय आपल्याकडे फार जुनी आहे. सहकारी साखर कारखाना म्हणतात तिला. तिथे फी भरावी लागत नाही, उलट दिवाळीला साखर मिळते.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

एक्सेलकन्या | ३ जून, रात्री १०:३०

मी असलाच दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलाय, होऊन आठ वर्षं झाली. फायदा झाला का? झाला, पगार मिळतो. वर्गातले बावीस जण होतो, त्यातले गावात टिकून काम करणारे दोन. बाकी आम्ही सगळे कंपन्यांमध्ये. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, बीआरएसआर म्हणतात त्याला, आणि आमच्या पोटापाण्याची सोय झाली. मी दिवसभर कारखान्यांकडून पाण्याचे नि विजेचे आकडे गोळा करते. एप्रिल-मेमध्ये माझं नेतृत्व म्हणजे "सर, तुमची शीट अजून आली नाही" हा फोन.

पण एक दुपार सांगते. पहिल्याच क्षेत्रभेटीत आम्ही मारुतीच्या देवळासमोर लोकांकडून रांगोळीने गावाचा नकाशा काढून घेत होतो. पुरुष मंडळींनी झकास काढला. शाळा, ग्रामपंचायत, दूध डेअरी, पाण्याची टाकी. एक म्हातारी कडेला उभी राहून बघत होती. म्हणाली, "ह्यात पाणी कुठंय?" आम्ही टाकी दाखवली. "ती दोन वर्सं कोरडी हाय," असं म्हणून तिने रांगोळीची चिमूट घेतली आणि गावाच्या बाहेर एक रेघ ओढत निघाली. फरशी संपली, ती मातीत उतरली, तरी रेघ चालूच. ओढ्यातल्या झऱ्यापर्यंत बायका जातात ती वाट. आमच्या चार्ट पेपरवर ती मावेना, खाली दुसरा कागद चिकटवावा लागला.

माझी फी त्या दुपारी वसूल झाली. बाकीचं दीड वर्ष स्टेकहोल्डर, फ्रेमवर्क आणि संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांची ती रंगीत चकती. पुतण्याला सांगा, वर्षातले किती आठवडे वर्गाबाहेर आहेत ते आधी विचारून घे.

कडवे वाल | ३ जून, रात्री ११:०५

एक्सेलकन्या, "शीट अजून आली नाही" ला जोरदार अनुमोदन.

मी एका कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवतो. म्हणजे शिकवतो असं कागदावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं की शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा सक्तीचा विषय करा. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लावला. हेतू नामी होता. आता आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी तीनेकशे प्रकल्पवह्या येतात. विषय 'प्लॅस्टिक प्रदूषण: एक समस्या'. प्रत्येक वहीला पुढून मागून प्लॅस्टिकचं कव्हर आणि प्लॅस्टिकची स्पायरल. मार्क कापले तर पालक येतात.

माळावरचा | ४ जून, सकाळी ६:१५

वडाची साल साहेब, माण तालुक्यातून लिहितोय. शिक्षण बारावी, नंतर आयटीआय. पण प्रशिक्षण मीही घेतलंय. चार दिवसांचं, फुकट. २०१७ च्या उन्हाळ्यात एका संस्थेने गावातून चौघांना नेलं होतं, दोन बाप्ये दोन बायका.

शिकवलं काय, तर ए-फ्रेम. तीन काठ्या, एक सुतळी, एक दगड. दोन काठ्या शेंड्याला बांधायच्या, मधे तिसरी आडवी, शेंड्यातून दगड ओळंब्यासारखा खाली सोडायचा. उभी केली की आडव्या काठीवर सुतळी टेकते तिथं खूण. मग दोन्ही पायांच्या जागा बदलून परत खूण. दोन खुणांच्या बरोबर मधली ती पक्की. झालं यंत्र. डोंगरावर एक पाय रोवायचा, दुसरा फिरवत न्यायचा, सुतळी पक्क्या खुणेवर आली की तिथं फक्की टाकायची. असं चालत गेलं की समपातळीची रेघ मिळते, तिच्यावर चर खणायचा. मला हे जमायला अर्धा तास लागला. माझ्या बायकोला दहा मिनिटं.

त्या उन्हाळ्यात गाव पहाटे चारला डोंगरावर असायचं. पावसात चर भरले, गणपतीपर्यंत विहिरी वर आल्या. इथवरची गोष्ट सगळेच सांगतात, फोटोसकट.

पाणी आलं की मागून बोअरची गाडी येते. दिवाळीनंतर तमिळनाडूची, तिरुचेंगोडची गाडी गावात मुक्कामालाच थांबली. पहिली बोअर माझ्या सख्ख्या चुलत्याने घेतली. आमच्या चरांच्या खालच्या अंगाला, साडेपाचशे फूट. कायद्याने साठ मीटरच्या खाली जायला बंदी आहे, म्हणजे दोनशे फूट धरा. मोजतंय कोण. मी ग्रामसभेत उठलो. प्रशिक्षणात ए-फ्रेम होती, गाणी होती, टाळ्यांचे खेळ होते. शंभर माणसांत सख्ख्या चुलत्याला "नाना, बोअर मारू नका" कसं म्हणायचं हे नव्हतं. मी म्हणालो, आणि चुकीचं म्हणालो. कायद्याचं कलम मोबाइलवरून वाचून दाखवलं. नाना काही न बोलता उठले. मागून सगळी भावकी उठली. सभा तिथंच संपली. दीड वर्ष बोलणं बंद. माझ्या बहिणीच्या लग्नात नाना आले, अक्षता टाकल्या, पंगतीला बसले नाहीत.

ते शिकवणार असतील तर दोन लाख ऐंशी हजार स्वस्त आहेत.

पोपटपंची | ४ जून, सकाळी ८:२०

सकाळी सकाळी पंगतीचं वाचून कसंतरी झालं. आता बोलतात का नाना?

रा. रा. रेवडी | ४ जून, सकाळी ९:०२

ही पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा का? ती २०१६ ला कोरेगाव, वरुड आणि अंबाजोगाई अशा तीनच तालुक्यांत होती, पुढच्या वर्षी वाढवली.

माळावरचा | ४ जून, सकाळी ९:३०

नाही, त्याच सुमाराची दुसरी छोटी संस्था. नाव नको. माणसं चांगली होती, अजून फोन करतात.

खडकवेडा | ४ जून, दुपारी १२:४५

भूवैज्ञानिक म्हणून थोडं कडू लिहितो. नेतृत्व, भावकी सगळं ठीक, पण आधी पायाखालचा खडक शिका. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वरून मुरूम, मग मांजऱ्या खडक, खाली काळा पाषाण, आणि त्याच्याखाली परत हीच उतरंड. पावसाचं पाणी वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात मुरतं आणि विहिरीला मिळतं. साडेपाचशे फुटांवर भेग लागली तर लागली, नाहीतर धूळ. आणि लागली तरी तिथलं पाणी एका पावसाळ्यात भरून येईल याची खात्री नाही. उत्साहात जेसीबी लावून ओढे खरवडणारी गावं पाहिलीत मी. पाणी दिसतं, फोटो छान येतो, आणि कुठल्या थरात मुरतंय याचा पत्ता नाही. पुण्यात ॲक्वाडॅम ही संस्था वर्षानुवर्षं भूजलाची प्रशिक्षणं घेते, गावपातळीवर काम करणाऱ्यांचीसुद्धा. पुतण्या ॲग्रीवाला आहे, त्याला तिकडे पाठवा. टेकडीवर उभं राहून लांब बघण्यापेक्षा टेकडी कशाची आहे ते बघू दे.

माळावरचा | ४ जून, दुपारी १:१०

खडकवेडा साहेब, पटलं. पण आमची जुनी विहीर नानांनीच फोडली, सुरुंग लावून, स्वतःच्या हाताने. मुरूम किती हात आणि पाषाण कुठं लागतो हे त्यांना माझ्याहून पक्कं ठाऊक. बोअर घेतली ती खडक कळत नव्हता म्हणून नाही. शेजारचा घेणार होता म्हणून.

खडकवेडा | ४ जून, दुपारी १:२५

हं. यावर माझ्याकडे नकाशा नाही.

घागरवाली | ४ जून, दुपारी ३:५०

मी पाच वर्षं सरपंच होते, बायकांसाठी राखीव जागेवरून. त्यामुळे प्रशिक्षणांची पदवी माझ्याकडे आहेच. पहिल्या प्रशिक्षणात मिळालं ते असं: कापडी पिशवी एक, वही एक, पेन एक (चालत नव्हता), पुलाव. दुपारी दोनला दिवे घालवून स्लाइडा सुरू. शेजारच्या खुर्च्यांवर इतर सरपंचांचे यजमान बसलेले. बोलणारे साहेब बघायचे यजमानांकडे.

शिकले ते चहाच्या रांगेत. एक निवृत्त ग्रामसेवक पुढे उभे होते. म्हणाले, "ताई, कुणी पैसा नाही म्हणालं तर एवढंच विचारा, बंधित किती शिल्लक आहे?" पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के बंधित असायचे, ते पाणी आणि स्वच्छतेवरच घालावे लागायचे. मी ते वाक्य घरी जाईपर्यंत एसटीत पाठ केलं. पुढच्या मासिक सभेत ओढ्याकडेच्या सांडपाण्याचा विषय निघाला, पैसा नाही असं ठरलंच होतं. मी विचारलं, बंधित किती शिल्लक आहे? खोलीत पंख्याचा आवाज ऐकू आला. पावसाळ्याआधी शोषखड्डे झाले.

पर्यावरणाचं म्हणाल तर आमच्या गावची जैवविविधता नोंदवही आहे. २००२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती हवी, लोकांना विचारून गावातली झाडं, पिकं, पाखरं, औषधं लिहून काढायची. बरीच वर्षं कुणी हललं नाही. मग हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि राज्यभर धावपळ. आमची नोंदवही एका कंत्राटदाराने टाइप करून आणली. मी समितीत, मला काहीच विचारलं नव्हतं म्हणून रात्री वाचत बसले. आमच्या गावात बोंबील सापडतो असं त्यात लिहिलंय. समुद्र आमच्यापासून अडीचशे किलोमीटर. बुधवारच्या बाजारात सुके मिळतात, तेवढं खरं.

पोपटपंची | ४ जून, दुपारी ३:५८

बोंबील!!! हसून हसून पुरेवाट.

फुकटचा सल्ला | ४ जून, दुपारी ४:०४

हवामान बदल, ताई. कंत्राटदार द्रष्टा होता.

करवंद | ४ जून, सायंकाळी ५:३०

बोंबलांवरून आमच्या किनाऱ्याकडे येते. वेळासला (मंडणगड तालुका, रत्नागिरी) चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये कासवांचं काम सुरू केलं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येऊन वाळूत शंभरेक अंडी घालून जाते. पहाटे किनाऱ्याने चालत तिच्या पावलांचा माग काढायचा, अंडी हलक्या हाताने उचलायची, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा सुरईसारखा खड्डा करून पुन्हा पुरायची, तारीख लिहायची. पन्नासेक दिवसांनी वाळू खचल्यासारखी दिसली की पिल्लं वर येणार. वर टोपली उपडी घालून ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ उघडून बघतात.

माझा मावसभाऊ तिकडे राहतो, त्याच्या घरी पाहुणे उतरतात. कुठलंही नेतृत्वबितृत्व शिकलेला नाही. पण पुण्या-मुंबईचे पन्नास लोक मोबाइल वर करून पुढे सरकले की हा एवढंच म्हणतो, "दोरीच्या मागे, काका." आणि काका मागे येतात! मी त्याला विचारलं, कसं जमतं रे? म्हणे, आदल्या रात्री माझ्याकडेच जेवलेले असतात.

मोहफूल | ४ जून, रात्री ८:१०

करवंद, शेवटचं वाक्य भारी.

धाग्यात अजून मेंढा (लेखा) कसं आलं नाही? गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या अभ्यासगटाबद्दल. ग्रामसभा निर्णय घेते आणि तोही सर्वसहमतीने, हात वर करून बहुमताने नाही. निर्णयाआधी त्या विषयाचा अभ्यास करायला वेगळा गट बसतो. त्यात ज्याला रस असेल तो येतो, बाहेरचा जाणकारही बोलावतात. गटाने फक्त अभ्यास करायचा, निर्णय नाही. म्हणजे माळावरच्यांनी सभेत कलम वाचलं ना, ते वाचायची जागा तिथे सभेच्या आधीची असते. आणि एकाचाही विरोध असला तर विषय थांबतो, पुन्हा बसतात. वेळ लागतो. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी कितीतरी वर्षं हेच केलं.

रा. रा. रेवडी | ४ जून, रात्री ८:४०

सर्वसहमती पाचशे उंबऱ्यांच्या गावात चालत नाही हो. मेंढा शंभरेक घरांचं, एका जमातीचं गाव. आमच्याकडे सोसायटीत लिफ्टच्या रंगावर एकमत व्हायला दोन वर्षं लागली. हिवरे बाजारचं उदाहरण घ्या, तिथे नियम आहेत. ऊस-केळी नाही, शेतीला बोअर नाही, पाऊस किती झाला त्यावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद आणि त्यावरून पीक. पोपटराव पवार १९८९-९० पासून तिथेच आहेत. खमका माणूस लागतो.

मोहफूल | ४ जून, रात्री ९:१५

खमका माणूस गेल्यावर काय, हाच तर धाग्याचा प्रश्न आहे ना? पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी. डोई अर्धा एकर, भूमिहीनालाही वाटा, उसाला मनाई. याहून न्यायाचा नियम मला माहीत नाही. आणि तो किती ठिकाणी पसरला ते आपल्याला दिसतंच आहे.

डाइकवरून | ४ जून, रात्री ११:५० (इथे रात्रीचे ८:२०)

उत्रेख्तहून लिहितोय, नेदरलँड्स. इथे पाण्याची वेगळी निवडणूक असते. वॉटरस्खाप म्हणतात, जलमंडळं, एकूण २१, तेराव्या शतकापासून चालत आलेली. दर चार वर्षांनी मतदान, पाणीपट्टी वेगळी. मी नागरिक नाही तरी रहिवासी म्हणून मला त्यात मत आहे. उमेदवार टीव्हीवर कालव्याची पातळी दहा सेंटिमीटर वर ठेवायची की खाली यावर भांडतात. गाईवाले शेतकरी खाली म्हणतात, पीटची (कुजक्या वनस्पतींची, मऊ) जमीन वाचवणारे वर म्हणतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, अरे, ही तर आमची पाटकऱ्याबरोबरची भांडणं, फक्त टाय लावून.

इथली एक जुनी म्हण आहे, अर्थ असा की ज्याला बांध घालायचा नाही त्यानं गाव सोडावं. ऑफिसातल्या डच मित्राला माळावरच्यांच्या नानांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग नानांना दंड किती झाला?" मी म्हटलं, लग्नात जेवले नाहीत. त्याला कळेना की दंड नक्की कुणाला झाला.

पोपटपंची | ५ जून, सकाळी ७:४५

जागतिक पर्यावरण दिनाच्या शुभेच्छा. आमच्या ऑफिसात आज प्रत्येकाला एक रोप, थर्माकोलच्या ट्रेमधून.

माझा प्रश्न तसाच आहे. नाना बोलतात का?

माळावरचा | ५ जून, रात्री ९:२०

सांगतो. २०१८ ला पाऊस दगा देऊन गेला. माघापर्यंत नानांची बोअर गुळण्या टाकायला लागली, होळीला बंद. १९ च्या उन्हाळ्यात टँकर. मला कुणी विचारेल, बरं वाटलं का. नाही वाटलं, माझी डाळिंबंही त्यातच गेली.

त्यानंतर मी सभेत बोलायचं सोडलं. संस्थेच्या एका मॅडमनी पर्जन्यमापक दिला होता, तो पंचायतीच्या गच्चीवर बसवला. रोज सकाळी साडेआठला मोजतो आणि खाली डेअरीच्या वाटेवरच्या फळ्यावर खडूने लिहितो. आजचा पाऊस, एकूण पाऊस, आणि तीन विहिरींची पातळी. त्यात एक विहीर नानांची. विचारायला गेलो होतो, तेव्हा दीड वर्षाने पहिलं वाक्य बोलले, "दोर माझा वापर, तुझा तोकडा पडंल."

लोक दुधाची किटली खाली ठेवून फळा वाचतात. दोन वर्षांपूर्वी रब्बीला काय घ्यायचं यावर फळ्यासमोरच भांडण झालं, मी नसताना. बोअरी बंद झाल्या का? नाही. नव्या तीन झाल्या गेल्या वर्षी. ऊस मात्र दोन एकरांवर आलाय, तो नानांचाच.

एक्सेलकन्या | ५ जून, रात्री ९:४५

माळावरचा, तुमचा फळा मला हवाय. आमच्या कंपन्यांच्या गेटवर.

वडाची साल | ७ जून, रात्री १०:१०

मंडळी, धागा पुतण्याला वाचायला दिला. दोन दिवस गप्प होता. मग त्याने त्या संस्थेला फोन करून एक्सेलकन्यांचा प्रश्न विचारला. उत्तर: गावात दोन आठवडे, मुक्काम विश्रामगृहात. त्याने पुढचा प्रश्न स्वतःच्या मनाने विचारला, "ग्रामसभेला बसायला मिळेल का?" पलीकडच्या बाईंनी चौकशी करून कळवते म्हणून सांगितलं. अजून कळवलेलं नाही.

भावाचं म्हणणं, एमपीएससीच बरी. पुतण्याचं म्हणणं, एक वर्ष द्या. दोघांच्या मधे माझं घर. माळावरचा, विचारायला संकोच वाटतोय, पण तो म्हणतोय की फी भरायच्या आधी महिना-दोन महिने तुमच्याकडे येऊन बघू का? राहण्याचे पैसे देईल.

माळावरचा | ८ जून, सकाळी ६:०५

या म्हणावं. १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे, तोवर राहिला तर बरंच. मला गेल्या वर्षी पाठीचं दुखणं लागलंय, गच्चीवर रोज चढवत नाही, तेव्हा साडेआठचा पाऊस त्याने मोजावा. विहिरींचं मात्र माझ्याबरोबर पहिले चार दिवस फिरावं, नानांच्या विहिरीला पायरी नाही. त्यांची ओळख मी करून दिली असती, पण आम्ही दोघं अजून दोर आणि दूध एवढंच बोलतो. त्याचं त्याने बघावं.

दहिवडीहून सकाळची एसटी आहे. छत्री आणू नको म्हणावं, टोपी आण.

वडाची साल | ८ जून, सकाळी ७:३०

आभारी आहे हो. आणि फी?

माळावरचा | ८ जून, सकाळी ७:३४

दोन म्हशी आहेत. ॲग्रीवाला आहे म्हणताय, धार काढता येते का त्याला?